चावी हरवली म्हणून कटर लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात बर्डीवरच्या बाजारातल्या पार्किंगबद्दल तुमच्याकडे पत्रं येतच असतात, गाड्या कुठे लावायच्या, पावती कोण फाडतो वगैरे. माझं पत्रही पार्किंगचंच आहे पण जरा वेगळं, कारण ते एका जुन्या अमेरिकन पार्किंग मीटरबद्दल आहे जे माझ्या घरी चावीशिवाय बंद होऊन पडलं होतं आणि आता चालतं. ते कसं उघडलं हे सगळ्यांना कळावं असं मनापासून वाटतं म्हणून लिहितोय. पत्र लांब होईल, जागा असेल तसं छापा, पण चाचांचा भाग कापू नका एवढी विनंती.

माझा आतेभाऊ 1979 साली अमेरिकेत गेला, इलिनॉय राज्यात शिकागोच्या जवळ राहिला, 2004 ला कायमचा परत आला तेव्हा सामानात हे मीटरचं डोकं घेऊन आला. डोकं म्हणजे खांबावरचा वरचा भाग, गोल घुमटाचा, समोर काच, काचेमागे काटा, खाली नाणी पडायचा कप्पा. तिथल्या नगरपालिका जुनी मीटरं बदलतात तेव्हा लिलावात विकून टाकतात, त्यात याला मिळालं. चावी मात्र देत नाहीत, कारण एकच चावी शहरातल्या कितीतरी मीटरांना लागते आणि त्यातली बरीच अजून रस्त्यावर उभी असतात, मग बाहेरच्याच्या हातात चावी कशी देणार. म्हणजे वस्तू तुमची पण कुलूप नगरपालिकेचं असा प्रकार. भाऊ गेला, त्यानंतर वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही फिटर माणूस, हे तुम्हीच न्या, इथे तर नुसतं दरवाज्याला टेकण लावायच्या कामी येऊन राहिलं." वजन आठ-नऊ किलो, टेकण चांगलंच होतं म्हणा.

मी हिंगणा एमआयडीसीत 31 वर्षं फिटर होतो. लोखंड, पितळ, बीड हे माझे रोजचे विषय, तरी हे मीटर हातात घेतलं तेव्हा पहिल्यांदा मी नुसता बघत बसलो, कारण कुठेच स्क्रू नाही. बाहेरून एकही स्क्रू नाही. आणि तसंच असणार ना, रस्त्यावर रात्रंदिवस उभं राहणारं पैशाचं खोकं आहे, बाहेरून खोलता आलं असतं तर पहिल्याच रात्री कोणीतरी खोललं असतं. फक्त दोन कुलपं, वरचं मशीनसाठी आणि खालचं पैशासाठी. दोघांच्या चाव्या वेगळ्या, म्हणजे मशीन दुरुस्त करणाऱ्याला पैशाच्या कप्प्यात हात घालता येऊ नये आणि पैसे गोळा करणाऱ्याने मशीनला हात लावू नये. किती साधा विचार आहे पण किती पक्का.

या मीटरची जन्मकथा तर तुम्हाला, म्हणजे संपादकांना, मुद्दाम सांगायची आहे, कारण यामागची कल्पना एका संपादकाचीच. कार्ल मॅगी नावाचा माणूस ओक्लाहोमा सिटीत ओक्लाहोमा न्यूज या पेपरचा संपादक होता, त्याच्या आधी न्यू मेक्सिकोत असताना टीपॉट डोम नावाचं तेलाच्या जमिनींचं जे मोठं लाचेचं प्रकरण झालं ते बाहेर काढण्यात त्याच्या पेपरचा हात होता. ओक्लाहोमात बाजारपेठेतल्या रस्त्यावर दुकानात काम करणारेच सकाळी गाड्या लावायचे आणि संध्याकाळी काढायचे, गिऱ्हाईकाला जागाच नाही (आपल्या बर्डीचीच गोष्ट वाटते की नाही). व्यापाऱ्यांच्या चेंबरने ट्रॅफिकची कमिटी केली आणि मॅगीला तिच्यावर नेमलं. त्याने तिथल्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवणारे प्राध्यापक थ्युसन आणि त्यांचाच जुना विद्यार्थी जेराल्ड हेल या दोघांकडून यंत्र बनवून घेतलं, नाव ठेवलं पार्क-ओ-मीटर, आणि 16 जुलै 1935 ला पहिलं मीटर रस्त्यावर उभं राहिलं. पाच सेंटला एक तास. सुरुवातीला रस्त्याच्या एकाच बाजूला बसवले, वीस-वीस फुटांवर एक, आणि थोड्याच दिवसात समोरच्या बाजूचे दुकानदार म्हणायला लागले की आमच्याकडेही लावा, कारण ज्या बाजूला मीटर तिकडे गाड्या येत-जात होत्या आणि धंदा होत होता. लंडनला हे यायला 1958 उजाडलं.

माझ्याकडचं मीटर डंकन-मिलर कंपनीचं, त्या पहिल्या मीटरच्या पुष्कळ नंतरचं, पण तत्त्व तेच. आत किल्लीचं घड्याळ, नाणं टाकायचं, समोरचा खटका गोल फिरवायचा, फिरवताना स्प्रिंगला पीळ बसतो आणि काटा पुढे जातो, मग घड्याळ टिकटिक करत काटा मागे आणतं आणि वेळ संपली की लाल पाटी वर येते. वीज नाही, बॅटरी नाही, काही नाही. ज्या पद्धतीत खटका फिरवावा लागतो त्यात घड्याळाला चावी देण्याचं काम गाडीवालाच करतो, दुसऱ्या एका जातीच्या मीटरला म्हणे नगरपालिकेच्या माणसाला ठराविक दिवसांनी येऊन चावी द्यावी लागायची.

आता खरा मुद्दा.

मीटर घेऊन मी पहिल्यांदा गेलो ते आमच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये, नाव सांगत नाही, सांगून काय फायदा. मला खरं तर आधी कळायला पाहिजे होतं पण वय झालं की आपण जवळचं दुकान बघतो. तिथल्या पोराने मीटर फिरवून बघितलं आणि सरळ ग्राइंडर हातात घेतला, म्हणे काका दोन मिनिटाचं काम आहे, कुलपाच्या बाजूने कापतो, मागून वेल्डिंग मारून देतो. मी मीटर उचललं आणि बाहेर आलो. अशा बऱ्याच मीटरांचं खोकं जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, ते चारशे डिग्रीच्या आसपासच वितळायला लागतं, त्याला लोखंडासारखं वेल्डिंग होतच नाही, भसकन खड्डा पडतो. त्या पोराला कोणी हे शिकवलंच नाही, त्याचा राग नाही मला, पण दोन मिनिटात साठ वर्षांची वस्तू गेली असती.

आणि मला ती दोन मिनिटं माहिती आहेत. 1987 मध्ये आमचे बाबा गेले. इतवारीत त्यांचं धान्याचं छोटं दुकान होतं आणि दुकानातली लोखंडी पेटी होती, जाड पत्र्याची, पितळी झाकणामागे चावीचं भोक. चावी कुठे ठेवली ते बाबा कोणाला सांगून गेले नाहीत. चौदावा झाला आणि घरच्यांनी घाई केली, काय आहे बघू, उधारीचे कागद आहेत का बघू, आणि एका वेल्डिंगवाल्याला बोलावलं. गॅस कटर लावला. पेटी उघडली खरी पण आतले कागद वरून खालपर्यंत करपले होते, हात लावला की काळा चुरा. पैसे फारसे नव्हतेच. कागदाच्या गठ्ठ्यात एक फोटो होता, माझ्या आजीचा, तिचा तो एकच फोटो होता असं आई म्हणायची, त्याचा खालचा कोपरा तेवढा राहिला, लुगड्याचा काठ आणि पाय. तो कोपरा आईने शेवटपर्यंत पोथीत ठेवला. तेव्हा मी पंचविशीचा होतो, फिटर झालो होतो, तिथेच उभा होतो आणि थांबा म्हणालो नाही, कारण मलाही तेव्हा वाटायचं की कुलूप बंद आणि चावी नाही म्हणजे कापणं हाच उपाय. हे मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितोय.

म्हणून वर्कशॉपमधून निघालो तो सरळ महालच्या बाजूला एका चावीवाल्याकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात, सत्तरीचे आहेत, ठेला म्हणजे एक लाकडी खोकं, वर छत्री, समोर तारेवर लटकलेल्या शेकडो चाव्या. त्यांनी मीटर हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं, कानाशी धरून हलवलं आणि पहिलं काय विचारलं तर, "कागद आहे का भाऊ?" मी भावाची लिलावाची पावती आणि वहिनीने लिहून दिलेली चिठ्ठी दाखवली. त्यांनी वहीत माझं नाव, मोबाइल नंबर, आधारचे शेवटचे चार आकडे लिहून घेतले, सही घेतली. त्याशिवाय ते कोणाचंही कुलूप उघडत नाहीत, अगदी ओळखीच्या माणसाचंही नाही. मला हे फार आवडलं. आणि मग म्हणाले, "ठोकना मत भाऊ, टाइम लगेगा."

तीन दिवस लागले, रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असताना तास-दीड तास.

पहिला दिवस नुसता साफसफाईत गेला. कुलपात कोणीतरी कधीतरी तेल घातलं होतं आणि त्याच्यावर धूळ बसून त्याचा डिंक झाला होता. आपल्याकडे सर्रास कुलपात खोबरेल घालतात, चाचा म्हणाले सगळ्यात जास्त कुलपं त्यानेच मरतात, डिसेंबर-जानेवारीत खोबरेल थिजतं आणि आतल्या पिना जागेवर चिकटतात, मग लोक जोर लावतात आणि चावी तुटते. त्यांनी आधी थोडं मातीचं तेल सोडून मळ बाहेर काढला, ते सुकू दिलं आणि मग पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड फुंकून आत घातली. कुलपाला कोरडं वंगण, हे घरी पण करण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी चावीचं काम. अमेरिकन कुलूप, त्याच्या गाळ्यात, म्हणजे चावी शिरते त्या फटीत, बसणारी कोरी चावी इथे मिळायचा प्रश्नच नाही. चाचांनी पितळेची पट्टी घेतली आणि कानशीने घासत घासत त्या गाळ्याच्या आकाराची केली, दोन्ही बाजूच्या खाचा डोळ्याने बघून, मोजपट्टी न लावता. मी स्वतः कानशीवर आयुष्य काढलं आहे, मला कळतं ते किती अवघड आहे. पट्टी सरकन आत गेली तेव्हा मी ठेल्यावरच टाळी वाजवली.

आता चावी नसताना चावी कशी बनते ते सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं हे लोक अंदाजाने घासतात. या जातीच्या कुलपात, म्हणजे 1860 च्या दशकात लायनस येल याने पक्कं केलेलं जे चपट्या चावीचं कुलूप आहे त्यात, एका रांगेत पिना असतात, प्रत्येक पीन दोन तुकड्यांची, वरून स्प्रिंग दाबते. बरोबर चावी घातली की प्रत्येक पिनेचा जोड अगदी एका रेषेत येतो आणि मधला गोळा, म्हणजे चावी ज्यात शिरते तो भाग, फिरतो. एक जरी पीन वर-खाली राहिली तरी फिरत नाही. चाचांनी कोरी पट्टी दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी लावली, आत घातली, फिरवायचा थोडा जोर दिला आणि हलकीच वर-खाली हलवली. बाहेर काढली. मला आधी काहीच दिसेना, त्यांनी चष्मा वर केला आणि पट्टी उन्हाकडे तिरपी धरली, तेव्हा काजळीत मोहरीपेक्षाही बारीक दोन चमकते ठिपके दिसले. जी पीन अडून बसली आहे तीच पट्टीवर असा ठिपका उमटवते. तिथे कानशीचे दोन हात, फक्त दोन, परत काजळी, परत आत. ज्या पिनेचा जोड रेषेवर आला तिचा ठिपका उमटायचा बंद होतो, मग तिला हात लावायचा नाही, एक हात जास्त पडला तर पट्टी गेली आणि पहिल्यापासून सुरू. पाच पिना होत्या. तिसऱ्या दिवशी साडेतीनच्या सुमारास पट्टी आत गेली, चाचांनी अंगठा आणि बोटाने फिरवली आणि ती फिरली. आवाज पण झाला नाही फारसा. चाचा थांबले, हात मागे घेतला आणि मला म्हणाले, "आप खोलो."

घुमट वर उचलला तर आत मशीन जसंच्या तसं होतं, पितळी चाकं काळवंडलेली पण एकही दात तुटलेला नाही. एका कोपऱ्यात कुंभारमाशीचं मातीचं घर, नागपुरातलंच असणार ते. आणि नाण्याच्या वाटेत अडकलेला एक लोखंडी वॉशर! कोणीतरी तिकडे फुकट पार्किंग करायला नाण्याऐवजी वॉशर टाकला होता, तो तिरपा बसला आणि मीटर बंद पडलं. मीटर निकालात निघायचं कारणच बहुतेक तो वॉशर असावा. तो मी ठेवला आहे. खालच्या कुलपाला एकच बैठक लागली, हात बसला होता आता. पैशाचा कप्पा रिकामा होता, अगदी स्वच्छ.

पुढचं काम घरचं. मशीन एका जुन्या घड्याळ दुरुस्तीवाल्यांना दाखवलं, त्यांनी सांगितलं की आधी स्प्रिंगचा पीळ हळूहळू पूर्ण सोडा, पीळ असताना एकही स्क्रू ढिला करू नका, बोट जाईल. आणि स्प्रिंगचा डबा अजिबात खोलू नका. चाकं पेट्रोलमध्ये मऊ ब्रशने धुतली, दातांना तेल लावायचं नाही, फक्त चाकाच्या दांड्याची टोकं जिथे फिरतात तिथे घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब. दाताला तेल लावलं की धूळ चिकटते आणि तीच धूळ पॉलिश पेपरसारखी पितळ खाते, नागपूरच्या धुळीत तर विचारूच नका. बाहेरचा रंग काढताना मात्र एक काळजी सगळ्यांनी घ्या, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या रंगात शिसं असायचं, कोरडा घासला तर ती पूड नाकातोंडात जाते, घरात लहान पोरं असतील तर फार वाईट. मी पेंट रिमूव्हर लावून, पाणी मारत मारत, मास्क घालून, अंगणात केलं आणि निघालेला चिखल पिशवीत बांधून टाकला. खाली चार थर निघाले, सगळ्यात आत हिरवा. तोच हिरवा मी परत दिला. दराची पाटी पितांबरीने हलकी पुसली, जोरात नाही, अक्षरं जातात.

पाटीवर लिहिलं आहे 1 सेंटला 12 मिनिटं, 5 सेंटला 1 तास. सेंट माझ्याकडे कुठून येणार. पण मशीन नाण्याचा व्यास बघतं, नाण्याच्या कडेवरून एक दांडी सरकते आणि नाणं जेवढं मोठं तेवढा काटा जातो. अमेरिकेचा एक सेंट 19.05 मिलिमीटरचा. घरात कॅलिपर लावून एकेक नाणं मोजत बसलो आणि डब्यात आपली चवन्नी सापडली, गेंड्याच्या चित्राची स्टीलची, 2011 च्या जूनअखेर जी चलनातून गेली ती. साधारण 19 मिलिमीटर! टाकली, खटका फिरवला, आणि काटा बरोबर 12 वर गेला. नात शेजारी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसली होती. पहिल्यांदा लाल पाटी वर यायला तेरा मिनिटांच्या वर लागली, दोन-तीनदा रेग्युलेटर, म्हणजे घड्याळाचा वेग कमी-जास्त करणारा काटा, सरकवला, आता पंधरा-वीस सेकंदांचा फरक येतो. ज्या चवन्नीला आज कोणी विचारत नाही ती आमच्या अंगणात 12 मिनिटं देते.

संपादक महोदय, माझी दोन मागणं आहेत. पहिलं वाचकांना. प्रत्येक जुन्या घरात माळ्यावर, कपाटाखाली अशी एखादी बंद वस्तू असते. आजोबांची पेटी, जुनी तिजोरी, कॅशबॉक्स, कुलूपबंद ट्रंक. चावी नाही म्हणून कटर, ग्राइंडर, छिन्नी लावू नका. आधी चावीवाल्याला दाखवा, तुमची वस्तू आहे याचा काहीतरी कागद घेऊन जा, आणि त्याला वेळ द्या. अगदीच नाही झालं तर जाणकार माणूस कुलपाचा फक्त मधला गोळा ड्रिल करतो, कुलूप जातं पण पेटी वाचते आणि आतलं जळत नाही. तो शेवटचा उपाय, पहिला नाही. चाचांनी माझ्याकडून दोन्ही कुलपांचे मिळून बाराशे रुपये घेतले, मी जास्त देत होतो तर घेतले नाहीत.

दुसरं मागणं शहर चालवणाऱ्यांना. चाचांचा ठेला गेल्या काही वर्षांत तीनदा हलला, कधी रस्त्याचं काम, कधी अतिक्रमणाची गाडी. रस्ते मोकळे व्हावेत, मी पार्किंगबद्दलच लिहितोय तर मला ते कळतं. पण चार बाय चारची जागा, एक ओळखपत्र आणि वहीत नोंद ठेवायची सक्ती एवढं प्रत्येक चावीवाल्याला दिलं तर लोकांनाही भरवसा राहील आणि त्यांनाही. चाचांकडे शिकायला कोणी नाही. मुलगा डिलिव्हरीचं काम करतो, म्हणतो त्यात रोजचा पैसा आहे, त्याचंही चूक नाही. आपल्याकडे अजब बंगला म्हणजे जुन्या वस्तूंचं म्युझियम आहे 1863 पासूनचं, मोतीबागेत नॅरो गेजचं रेल्वे म्युझियम आहे, रमण सायन्स सेंटर आहे जिथे शाळेची पोरं रांगा लावून जातात. तिथे कुठेतरी महिन्यातून एक रविवार एखाद्या चावीवाल्याला मानधन देऊन बसवा, समोर कापलेलं कुलूप ठेवा, पिना दिसू द्या, पोरांच्या हातात कानस द्या. मी मीटर घेऊन येतो, चवन्न्याही मी आणतो, माझ्याकडे आता सत्तावीस जमल्या आहेत.

मीटर सध्या अंगणात दीड इंची पाइपावर उभं आहे, येणारा-जाणारा फाटकातून वाकून बघतो. चाव्या मात्र अजून एकेकच आहेत, आणि चाचांनी परवा बजावलं की एक चावी म्हणजे चावी नसल्यासारखंच, दुसरी करून घ्या आणि ती घरात दुसऱ्या कोणाला तरी माहिती असू द्या. सोमवारी जाऊन दोन्हीच्या जोड्या करून आणतो. एक सेट नातीकडे राहील.

आपला,
एक निवृत्त फिटर,
नंदनवन, नागपूर